बुटापुढचा उजेड

दिवेलागण केव्हाच होऊन गेली आहे. जेवणं उरकली आहेत. आता घरातले दिवे एकेक करून मालवा.

टीव्ही बंद करा. इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका, वायफायचा निळा ठिपका, त्यांच्यावर फडकं टाका. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून या.

बसा. खाली फरशीवर बसलात तर बरं. पाठ भिंतीला टेकू द्या.

घरातली जुनी बॅटरी हातात घ्या. लावू नका. नुसती धरा.

श्वास आत येऊ द्या. जाऊ द्या.

तुमच्या घरातला एक जण निघाला आहे. रजा संपत आली आहे. पलंगाखालची काळी ट्रंक बाहेर निघाली आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. या वेळचं पोस्टिंग लडाखकडे, उंचावर. पुढे कदाचित सियाचीन.

असं कोणी तुमच्या घरात नसेल, तर साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातल्या एखाद्या घरात बसला आहात असं समजा. तिथे घरटी कोणी ना कोणी फौजेत असतं.

त्याला एक चांगली बॅटरी घेऊन द्यायची, असं ठरलं आहे.

दुकानात उद्या जाऊ. आज फक्त अंधारात बसायचं आहे. त्याच्या अंधारात.

थांबा.

पहिलं मिनिटभर काहीच दिसत नाही. डोळ्यांपुढे मघाच्या ट्यूबलाइटचा डाग तरंगतो. तरंगू द्या. त्याच्यामागे जाऊ नका.

पाच मिनिटं होतात. दाराची चौकट कळते. खिडकी कुठे आहे ते कळतं.

दहा मिनिटं. खुंटीवरचा शर्ट वेगळा दिसू लागतो. त्याचा रंग मात्र कळत नाही. कळायला नकोच आहे.

डोळ्याच्या आत, दृष्टिपटलावर, दोन जातींच्या पेशी आहेत. शंकूच्या आकाराच्या साठेक लाख. त्या दिवसा काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या बारा कोटींच्या आसपास. त्या रात्रीच्या. दिवसभर उजेडाने त्यांच्यातलं जांभळट द्रव्य उडून गेलेलं असतं. आत्ता, तुम्ही इथे बसल्या बसल्या, ते पुन्हा भरत आहे.

त्याला घाई चालत नाही. वीस मिनिटं लागतात, कधी तीस.

आपण काही करायचं नाही. बसून राहायचं. डोळा आपलं काम करतो आहे.

पुरता सरावलेला डोळा प्रकाशाचे अगदी मोजके कण टिपू शकतो. 1942 साली हेक्ट, श्लेर आणि पिरेन या तिघांनी प्रयोग करून हे दाखवलं. त्यांनीही आधी माणसांना असंच अंधारात बसवलं होतं. बराच वेळ.

श्वास घ्या. सोडा.

आता दाराच्या कडीकडे पाहा. थेट पाहा. कडी नाहीशी होते.

नजर किंचित बाजूला न्या, चौकटीच्या वरच्या कोपऱ्याकडे. कडी परत येते.

डोळ्याच्या ऐन मध्यावर रात्रीच्या पेशीच नाहीत. म्हणून अंधारात जे पाहायचं, त्याच्या शेजारी पाहावं लागतं. पहाऱ्यावरच्या जवानाला हे शिकवलेलं असतं. तो समोरच्या खडकाकडे टक लावत नाही. नजर त्याच्याभोवती फिरती ठेवतो.

तुम्हीही फिरवा. सावकाश.

आता त्याच्याजवळ जाऊन बसा. मनाने.

हवेत पाणी नाही, धूळ नाही. तारे इतके दाट, की ओळखीची नक्षत्रं शोधावी लागतात. खाली बर्फ आहे, आणि ताऱ्यांच्या उजेडातही बर्फ दिसतं. त्याचे डोळे तासाभरात पुरते सरावले आहेत. कड कुठे संपते हे त्याला कळतं. दोर कुठे गेला आहे हे कळतं.

त्याच्या खिशात बॅटरी आहे. ती बंद आहे.

ती बहुतेक वेळ बंदच असणार आहे. इथे थोडं थांबा. आपण जी वस्तू निवडायला निघालो आहोत, ती बहुतेक वेळ बंद असणार आहे.

हातातल्या बॅटरीकडे पुन्हा लक्ष द्या. तिचं वजन. तिचा गारवा. आता तो कमी होतो आहे, तुमच्या हाताची ऊब तिच्यात जाते आहे.

ही बॅटरी शेतावरची आहे. पंपाची वीज रात्री येते, म्हणून रात्रीच पाणी पाजायला जावं लागतं. बांधावर साप असतो. उसात बिबट्या असू शकतो. त्या रात्रीला लांबवर जाणारा झोत हवा. घरातल्या आबांना तोच माहीत आहे. म्हणून मघा जेवताना ते म्हणाले, ‘‘चांगली लांबवर फेकणारी घे. पैशाकडं बघू नगंस.’’

आणि तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, ‘‘आबा, लांबचं नको. बुटापुढचं दिसलं की झालं.’’

पुढे कोणी काही बोललं नाही.

आपण माणसाला वस्तू देतो, तेव्हा बहुधा आपल्याच रात्रीची देतो. मला यात वाईट काही वाटत नाही. माया अशीच चालते. पण आज थोडा वेळ त्याच्या रात्रीत बसू.

बसा.

आता एक हात एका डोळ्यावर ठेवा. उजव्या डोळ्यावर ठेवा. तळहाताचा खोलगट भाग, दाब न देता. उजेड आत जाणार नाही असा.

दुसऱ्या हाताने बॅटरी समोरच्या भिंतीवर धरा. लावा.

एक. दोन. तीन. चार. पाच.

बंद करा.

हात तसाच राहू द्या. उघड्या डोळ्याने खोलीकडे पाहा. काही नाही. चौकट गेली, शर्ट गेला, खिडकी गेली. अर्ध्या तासाची कमाई पाच आकड्यांत गेली.

आता हात काढा. डावा डोळा मिटा, उजवा उघडा.

खोली जागच्या जागी आहे.

डोळे पुन्हा बदला. पुन्हा. एका डोळ्यात रात्र आहे, दुसऱ्यात नाही.

हे दोन-तीनदा करून पाहा. घाई नाही.

बॅटरीच्या खोक्यावर लुमेन छापलेले असतात. हजार, दोन हजार, कधी त्याहून जास्त. एक मेणबत्ती सगळ्या बाजूंना मिळून साधारण बारा लुमेन उजेड देते. नकाशावरचा एक आकडा वाचायला, बुटाची नाडी बांधायला, रायफलीची खटकी पाहायला एक लुमेनही पुष्कळ होतो. देवघरात विझत आलेल्या वातीएवढा उजेड. डोळ्यातली रात्र तेवढ्याने फारशी मोडत नाही.

आणि समोर कोणी असेल, तर त्याच्या डोळ्यातही रात्र भरलेली असते. त्यालाही मोजके कण पुरतात. सीमेजवळच्या भागात लावलेली बॅटरी, लावणाऱ्याला जितकं दाखवते, त्याहून दूरच्या माणसाला लावणाराच जास्त दाखवते.

म्हणून पहिली गोष्ट ही. कळ दाबल्यावर बॅटरी सगळ्यात मंद उजेडावर सुरू झाली पाहिजे. हव्या तेवढ्या वेळा दाबून मग वाढवता येऊ दे. काही बॅटऱ्या बंद करताना ज्या उजेडावर होत्या, त्याच उजेडावर पुन्हा सुरू होतात. काल तंबूत कोणी लखलखीत लावली असेल, तर आज पहाऱ्यावर ती तशीच लागेल. काही तर एक दाब चुकला की लुकलुकायला लागतात. असली नको.

चार्जिंगच्या जागी लुकलुकणारा तो हिरवा दिवाही नको. मघा इन्व्हर्टरच्या ठिपक्यावर आपण फडकं टाकलं, आठवतं? तेवढा ठिपका या खोलीत किती मोठा झाला असता.

श्वास घ्या. खोलीत पुन्हा अंधार भरू द्या.

लाल उजेडाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. रात्रीच्या पेशींना गडद लाल जवळजवळ दिसत नाही, म्हणून लाल उजेडात वाचलं तरी रात्र शाबूत राहते. खरं आहे. फौजांनी बॅटरीपुढे लाल काच लावायची पद्धत फार जुनी.

पण क्षणभर एक नकाशा मांडीवर उलगडा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा. डोंगराच्या उंचीच्या रेषा तपकिरी आहेत. वस्ती लाल. पाणी निळं.

त्यावर मनातल्या मनात लाल उजेड धरा.

वस्ती जाते. तपकिरी रेषा फिकटतात, काही ठिकाणी नाहीशाच होतात. डोंगर सपाट होतो. नाला तेवढा काळा उरतो.

जखमही लाल उजेडात नीट कळत नाही. रक्त आणि ओलं कापड सारखंच दिसतं.

म्हणून लाल असावा, पण भिस्त त्याच्यावर नको. अगदी मंद पांढरा बऱ्याचदा जास्त उपयोगाचा असतो. आणि लखलखीत लाल तर कोणाच्याच कामाचा नाही.

नकाशाची घडी घाला. हळू. कागदाचा आवाज ऐका. शांततेत तो किती मोठा वाटतो.

आता बॅटरीची कळ दाबा. उजेडाकडे पाहू नका. फक्त ऐका.

टक.

पुन्हा.

टक.

हा आवाज पाच-सहा हातांवर सहज जातो. वारा नसलेल्या रात्री त्याहून लांब. मऊ दाबाची किंवा फिरवून लागणारी बॅटरी मिळते. उद्या दुकानात कानाजवळ धरून पाहा.

आता बॅटरीचं बूड फिरवा. आट्यांची खरखर बोटांना जाणवेल. सेल तळहातावर घ्या.

पितळी स्प्रिंगचा वास येतो आहे. एका सेलच्या टोकाला पांढरी, खरबरीत खरपुडी लागली आहे. नखाने चाचपा. सेल आत विसरून राहिले की हे असं होतं. आतला क्षार झिरपतो आणि हवा लागून सुकतो. नंतर हात धुऊन टाका.

साध्या अल्कलाइन सेलच्या आत ओला लगदा आहे. म्हणजे पाणी आहे. आपल्याकडे पौषातही त्याला काही होत नाही. शून्याखाली वीस अंशांवर मात्र तो सुस्तावतो. सियाचीनच्या वरच्या ठाण्यांवर पारा उणे पन्नासपर्यंत उतरतो. तिथे अठरा-वीस हजार फुटांवर माणसं राहतात, 1984 च्या एप्रिलपासून, ऑपरेशन मेघदूत झालं तेव्हापासून.

सेल मुठीत धरा. मूठ बंद करा.

गारठलेला सेल मेलेला नसतो. खिशात, अंगाला लागून, पंधरा-वीस मिनिटं राहिला की पुन्हा काम करतो. जवान पाण्याची बाटली अंगाजवळ घेऊन झोपतो, तसे सेलही.

लिथियमचे पेन्सिल सेल मिळतात. चार्ज न होणारे, दीड व्होल्टचे. त्यांच्यात पाणी नाही. उणे चाळीसपर्यंत ते चालतात. अल्कलाइन सेल तेवीस ग्रॅमचा, हा पंधराचा. महाग आहेत. घ्या.

चार्ज होणारी बॅटरी वाईट नाही. पण शून्याखाली तिला चार्जिंगला लावलं की ती आतून बिघडते, आणि वर जनरेटर किती तास चालेल हे आपल्या हातात नाही. बाजारात कुठेही मिळणारा सेल ज्यात बसतो, ती मला बरी वाटते.

मूठ उघडा. सेल कोमट झाले आहेत.

परत घालताना एक सेल उलटा घाला. बूड लावा. आता कळ दाबा. लागत नाही. ट्रंकेत, कपड्यांच्या दाबाने, ती चुकून लागून राहणार नाही. जुन्या माणसांची ही युक्ती. नव्या बॅटरीत बूड अर्धा आटा सैल केलं की बहुधा तेच काम होतं. होतं का ते पाहून घ्या.

विमानाने लेहला जाताना सुटे लिथियम सेल हातातल्या पिशवीत ठेवावे लागतात, मोठ्या सामानात चालत नाहीत. हे त्याला ठाऊक असेल. तरी ट्रंक भरणाऱ्याला सांगा.

थांबा. काही करू नका. दोन श्वास.

सेल पुन्हा सुलटा करा.

एक शेवटचा प्रयोग. बॅटरीच्या काचेवर रुमालाची दुहेरी घडी धरा. बॅटरी कपाळाजवळ न्या, आणि उजेड फरशीवर सोडा.

फरशी दिसते. स्वच्छ दिसते. आत्ताच पुसली आहे असं वाटतं.

आता हात हळूहळू खाली आणा. कमरेपर्यंत. गुडघ्यापर्यंत. मग बॅटरी फरशीवरच आडवी ठेवा.

पाहा.

भाकरीचा एक कण. त्याची सावली त्याच्या चौपट. शहाबादी फरशीचा खडबडीतपणा, दोन फरश्यांमधली खाच. एक मुंगी, आणि तिच्या पुढे चाललेली तिची लांब सावली. कोणाच्या तरी ओल्या पायाचा वाळलेला ठसा.

हे सगळं मघाही इथेच होतं.

जितका वेळ वाटेल तितका वेळ पाहा.

वर तो पहाटेआधी चालतो. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतं, म्हणून वाट रात्रीच तुडवायची असते. सगळे एका दोराला बांधलेले. बर्फाखाली भेग असते, तिच्यावर ताज्या बर्फाचं पातळ झाकण. पट्ट्याने कपाळावर बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात बर्फ एकसारखं पांढरं दिसतं. उजेड खाली धरला, की जिथे बर्फ किंचित दबलं आहे तिथे सावली पडते. पुढच्या माणसाच्या पावलाचा काठ दिसतो.

बर्फ पडत असेल, धुकं असेल, तर कपाळावरचा उजेड डोळ्यांपुढच्याच कणांवर आदळून परत येतो. समोर पांढरी भिंत. तेव्हा तो पट्टा कपाळावरून काढून हातात घेतो, कमरेशी धरतो.

म्हणून कपाळाला लावायची बॅटरीच घ्या, पण पट्ट्यातून सुटी होणारी. दोन्ही हात मोकळे राहतात. नाही तर माणूस बॅटरी दातात धरतो. आणि त्या थंडीत धातू ओठाला चिकटतो.

आता ओठांवरून एकदा जीभ फिरवा. ओठांची ऊब जाणवते का पाहा.

बॅटरी बंद करा. अंधार परत येईल. येऊ द्या.

बाकीच्या सामानाचं काय, असं मनात येईल. बूट, कोट, झोपायची पिशवी हे सगळं फौज देते, आणि तिथल्या थंडीला पुरेल असं देते. घराने त्याच्याशी चढाओढ करायची नाही. घरच्यांनी बारीकसारीक द्यावं. लोकरीच्या मोज्यांचे जादा जोड. शिसपेन्सिल, कारण शाई गोठते. मोठ्या नेढ्याची सुई आणि जाड दोरा. नेलकटर. ओठांना व्हॅसलिन. आई लाडू देणारच. ते तिथे दातांना दाद देत नाहीत, तरी ती देणारच, आणि ट्रंकेत ते पहिले जातील. शेंगदाण्याची चटणी जास्त टिकते.

ब्लूटूथचं घड्याळ, मोबाइलवरून चालणारी बॅटरी, असलं काही घेण्याआधी त्याला विचारा. युनिटात काय चालतं ते त्यालाच माहीत.

आता पुन्हा नुसते बसा.

शेजारच्या खोलीत तो झोपला आहे. कान द्या. त्याचा श्वास ऐकू येतो. तुमचाही येतो. दोन्ही एका लयीत नाहीत. जुळवायला जाऊ नका.

एक श्वास त्याचा.

एक तुमचा.

बसावंसं वाटेल तितकं बसा. मग उठा, भिंतीला हात लावत. दिवा न लावता अंथरुणापर्यंत जा. जमतं.

उद्या दुकानात दुकानदार पुढ्यात चार-पाच बॅटऱ्या मांडेल. ‘‘साहेब, हिचा झोत बघा,’’ म्हणून रस्त्यापलीकडच्या पाटीवर उजेड टाकून दाखवेल. दाखवू द्या. मग म्हणा, आता सगळ्यात कमी किती होतो ते दाखवा. तो गोंधळेल. काउंटरखाली, सावलीत धरून पाहा.

लोकरीचे मोजे बरोबर न्या. ते हातावर चढवा आणि कळ दाबा. त्यावर आणखी एक जोड चढवा आणि पुन्हा दाबा. बूड फिरवून सेल काढता येतात का पाहा. डोळे मिटून पाहा. एक सेल काउंटरवर पडेल, घरंगळेल. उचला, पुन्हा करा. मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असेल तर त्याला आधी घेऊ द्या.

दोरी ओवायला भोक आहे ना, बोटाने चाचपा.

पैसे देण्याआधी घरी त्याला फोन लावा. लुमेन तो विचारणार नाही. वजन विचारेल. सेल घालून सांगा.